येरवंडीला माणसं पाहिजेत

येरवंडी, ता. चाकूर
१२ मे २०१६

जगदेवी,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. लगेच फाडू नकोस. सतरा वर्षांनी बापाचं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असंच तुला वाटेल. गेलं आहे, पण आपल्या घरातलं नाही. आपले शेजारी गुरुबसप्पा गेले. तुला बैलगाडीत पुढं बसवून कासरा हातात द्यायचे, ते. तुझी आई ठीक आहे. तुझं नाव काढत नाही, तेव्हा तू उगाच जीवाला लावून घेऊ नकोस.

तुझा हदगावचा पत्ता सिद्रामप्पाच्या भाच्यानं आणून दिला. फोन नंबरही दिलाय, पण फोनवर मला सुचत नाही, आणि फोन कापता येतो. पत्र निदान दोन ओळी तरी वाचलं जातं.

यंदाचं पाणी तुला पेपरातून कळलंच असेल. लातूरला रेल्वेनं पाणी आलं. आपल्याकडं आठवड्यातून दोनदा टँकर येतो, तो चावडीपुढं थांबतो आणि आम्ही सगळे सत्तरीचे नवरदेव घागरी घेऊन रांगेत उभे राहतो. घागर भरते, पण उचलायची कुणी? टँकरचा ड्रायव्हर भला माणूस आहे, दोन-चार घरी स्वतः पोचवून देतो.

गुरुबसप्पाचं मात्र असं झालं की आठवलं तरी लाज वाटते. त्यांचे दोन्ही पोरगे पुण्याला. ते पोचेपर्यंत खड्डा तयार पाहिजे. आपल्यात बसवून समाधी द्यायची, म्हणजे पुरुषभर खोल खणावं लागतं. मे महिन्याची जमीन, वर दोन वर्षांचा दुष्काळ. कुदळ मारली की दगडावर मारल्यासारखी उडत होती. खणणारे कोण? सिद्रामप्पा, वय चौसष्ट, तो आमच्यातला तरणा. मग मी, मग मठाचे स्वामी, मग हणमंतराव, ज्यांना एका डोळ्यानं दिसत नाही. दोन तासांत गुडघाभर गेलो. शेवटी तळ्यातला गाळ काढायला जेसीबी आला होता तो बोलावला. त्यानं तीन मिनिटांत खड्डा केला. ड्रायव्हरच्या मोबाईलवर गाणं चालू होतं, ते बंद कर म्हणायलाही कुणाला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी मठाच्या ओट्यावर सगळे बसलो. सिद्रामप्पा म्हणाला, "आता पुढल्या बारीला कोण खणायचं? पोरं काय परत येत न्हाईत. गावात माणूस आणावं लागंल, दुसरं काय."

हणमंतराव म्हणाले, उदगीर जिल्हा होणार आहे, मग हापिसं येतील, पोरं जवळ येतील. जिल्हा होणार हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे केस काळे होते. शेवटी ठरलं की बाहेरून कुटुंबं बोलवायची. रिकामी घरं पडली आहेत ती राहायला द्यायची, रानं बटईनं, निम्म्या वाट्यावर द्यायची. माझं अक्षर बरं म्हणून कागद मीच लिहिला आणि चाकूरच्या स्टँडवर चिकटवून आलो. "येरवंडीला माणसं पाहिजेत. घर मिळेल, रान मिळेल. लेकरंबाळं असतील तर फार चांगलं. आपल्या समाजातल्यांनीच यावं."

तिकडं आपल्यातलं एखादं गरजू कुटुंब तुझ्या पाहण्यात असेल तर कळव. एवढ्यासाठीच हे पत्र.

संगप्पा

येरवंडी
२८ ऑगस्ट २०१६

जगदेवी,

तुझं उत्तर नाही. मीही पहिल्या पत्राला उत्तर दिलं नसतं. हा हट्ट तू कुणाकडून घेतलास ते सांगायला नको.

कागदाचं पुढं काय झालं ते सांगतो. तीन महिन्यांत आपल्यातलं एकच कुटुंब येऊन गेलं, निलंग्याकडचं. नवऱ्यानं रान पाहिलं, बायकोनं नळ पाहिला. ती म्हणाली, इथं तर नुसती आज्जी-आजोबाच हायेत, माझ्या पोरांनी खेळायचं कुणासंगं? चहा घेऊन गेले. त्या बाईचा मला राग आला, पण ती खोटं बोलली नव्हती. शाळेत चार पोरं उरली आहेत. शाळेच्या बाईंनी स्पष्टच सांगितलं की पट वाढला नाही तर शाळा राहील याचा भरवसा नाही.

मग सिद्रामप्पानं स्टँडवर जाऊन कागदाच्या शेवटच्या ओळीवर काळं फासलं. मला न विचारता. मी ओट्यावर तमाशा केला. म्हणालो, मी जिता असेपर्यंत गावात बाहेरचं माणूस राहणार नाही. सिद्रामप्पा एरवी माझ्यापुढं आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला.

"संगप्पा, तुमच्या ह्याच एका वाक्यापायी एक जावई गेला गावातून. पायावर चालत आलता, इथंच राहतो म्हणत व्हता. आज तो असता तर गुरुबसप्पाला यंत्रानं पुरावं लागलं असतं का?"

सगळे ओट्यावरून उठून घरी गेले. मीही.

जगदेवी, रामकिशन आपल्या गिरणीचं इंजिन दुरुस्त करायला आला आणि तू त्याच्याशी लग्न करते म्हणालीस, हे मला झोंबलंच. पण खरं झोंबलं ते तो माझ्या दुकानात उभा राहून म्हणाला ते. "सावकार, आम्ही कुठं जात न्हाई. इथंच ऱ्हातो, गिरणी चालवतो, तुम्हाला बघतो." मला बघणार! तेव्हा माझी छाती अशी होती की ज्वारीचं पोतं एकटा उचलायचो. मी त्याला दुकानाची पायरी उतरायला लावली आणि तुला म्हणालो की पुन्हा येरवंडीचं तोंड बघू नकोस. तू तर खरंच पाहिलं नाहीस.

असो. काळं फासल्यावर पंधरा दिवसांत एक कुटुंब आलं. नायगावकडचं. नवरा व्यंकट, बायको केवळाबाई, तीन पोरं. दर साली ऊसतोडीला जायचे, पोरांची शाळा अर्धीच राहायची. केवळाबाईनं कुणालाही न विचारता आधी शाळा पाहिली आणि मग घर. गुरुबसप्पाच्या पोरांनी फोनवर हो म्हटलं, त्यांचं घर उघडून दिलं. शाळेत सात पोरं झाली. सकाळी प्रार्थनेचा आवाज आता मठापर्यंत येतो.

आता जे लिहायचं ते लिहितो. पहिल्या पत्रात आई ठीक आहे म्हणून लिहिलं ते खोटं होतं. ती विसरून राहिली आहे. आधी चहात दोनदा साखर, मग मीठ. आता दुपारी चारची एसटी यायच्या वेळेला रस्त्यावर जाऊन उभी राहते. तुझं नाव काढत नाही असंही मी लिहिलं. दिवसातून शंभरदा काढते. "जगी कॉलेजातून यायची झाली," म्हणते. मी आंघोळ घालायला गेलो की परका पुरुष म्हणून ओरडते. पन्नास वर्षं जिच्याशी संसार केला तिला मी परका. म्हणून केवळाबाईला सांगितलं आहे. ती दोन वेळा येते, न्हाऊ घालते, वेणी घालते, भरवते.

तुझ्यावर कसली जबरदस्ती नाही. कळवायचं म्हणून कळवलं.

संगप्पा

येरवंडी
९ डिसेंबर २०१६

जगदेवी,

यंदा पाऊस झाला, तळं भरलं, हरभरा गुडघ्याला आला आहे. व्यंकटनं आपलं रान असं राखलं आहे की मला बांधावर उभं राहून नावं ठेवायला जागा उरली नाही.

पण मागच्या महिन्यात माझ्या हातून एक झालं. केवळाबाई तुझ्या आईला न्हाऊ घालत होती. मी सहज आत डोकावलो तर कोनाड्यात आईचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवलेलं. दोऱ्यासकट. केवळाबाईला बिचारीला काय ठाऊक, जन्मल्यापासून मरेपर्यंत ते आपल्या अंगावरून उतरत नाही म्हणून? साबण लागेल, खराब होईल, म्हणून तिनं ते काढून जपून ठेवलं होतं. खाली धुतलेला रुमाल अंथरला होता. रुमाल मला नंतर दिसला. आधी मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. जे तुझ्या नवऱ्याला बोललो होतो त्यातलंच बरंचसं होतं. म्हातारा झालो तरी शिव्या नव्या शिकलो नाही.

तिनं तुझ्या आईला कोरडं केलं, लुगडं नेसवलं, लिंग परत गळ्यात घातलं आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी व्यंकट बोचकी बांधून राहिला असं कळलं. गावातली म्हातारी माणसं एकेक करून माझ्या दारात आली. हणमंतरावांच्या साखराबाई, ज्या माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत, त्या म्हणाल्या, "भावजी, आणखी एक घर घालवणार का तुम्ही?"

तिकडं तुझ्या आईनं तोंडच मिटलं. दोन दिवस पाण्याचा घोट नाही. माझ्या हातचा घास तर थुंकून टाकायची. सिद्रामप्पाची सून सणाला आली होती, तिच्याही हातचं खाईना.

मग मी गेलो. गुरुबसप्पाच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि म्हणालो, बाई, माझं चुकलं. ही चार अक्षरं बोलायला मला शहात्तर वर्षं लागली. ती आली. आईची कशीतरी समजूत घातली आणि आई जेवली. आता रोज जेवते.

जगदेवी, आता आडपडदा ठेवत नाही. ये. तुझं नाव तिच्या तोंडात आहे तोवर ये. डॉक्टर म्हणतात की हे असंच उतरत जाणार, आज ओळखेल, उद्याचं सांगता येत नाही. वेळा अमावस्या एकोणतीस तारखेला आहे. सगळं गाव रानात असतं, त्या दिवशी कुणी कुणाला कसं आलीस म्हणून विचारत नाही. रामकिशनलाही घेऊन ये. दुकानाची पायरी मी त्याला स्वतः चढवीन.

तू आलीस तर ती बरी होईल असं मी म्हणत नाही. पण सतरा वर्षं ती तुझी वाट बघून राहिली आहे आणि ती वाट मी अडवून बसलो होतो. आता बाजूला झालोय.

संगप्पा

हदगाव
१६ डिसेंबर २०१६

अप्पा,

तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून मी चुलीत घातलं. आई माझं नाव काढत नाही हे वाचलं आणि पुढं काही वाचायची इच्छाच उरली नाही. दुसऱ्या पत्राच्या वेळी यांचं बायपासचं ऑपरेशन झालं होतं. तुम्हाला सांगणार कशी?

आईला बरं नाही हे तुम्ही मे महिन्यात का लिहिलं नाही? मी त्याच दिवशी निघाले असते. तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी.

यांना प्रवास झेपणार नाही. मी एकटी येते. एकोणतीसला सकाळी नांदेडहून गाडी धरीन. ती मला ओळखेल ना, अप्पा? एवढं एक खरं लिहा.

जगदेवी

येरवंडी
३ जानेवारी २०१७

जगदेवी,

तुझ्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही. पोचणार नाही, असं स्वतःला सांगितलं. हातात आठ-दहा दिवस होते. पोचलं असतं.

तू आलीस तेव्हा सगळे रानात होतो. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोप, आत पूजा, बाहेर अंबिलीचं मडकं, भज्जी, उंडे, सगळं पूर्वीसारखं. केवळाबाईनं आमच्या साखराबाईंना विचारून विचारून केलं होतं. तू बांधावरून येताना मी लांबून ओळखलं. तुझी चाल तुझ्या आईची आहे. मी उठून पुढं यायला पाहिजे होतं, पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. कशाची, ते तुला तेव्हा कळलं नाही.

तू आईपुढं बसलीस. तिचे हात हातात घेतलेस. "आई, मी आले," म्हणालीस. तिनं तुझ्याकडं पाहिलं, तुझ्या बांगड्या चाचपल्या आणि विचारलं, "कुठल्या गावच्या म्हणायच्या तुम्ही?"

तू हसून म्हणालीस, "हदगावची. मी जगी हाय, आई."

"अस्सं? माझ्या लेकीचं पण नाव हेच हाय." मग तिनं कोपीकडं तोंड करून हाक मारली, "जगे! पाहुण्या बाई आल्या बघ, ताट कर."

तू हाकेसरशी "हाव आई" म्हणालीस. आणि त्याच वेळी कोपीतून केवळाबाई बोलून गेली, "आले, माय."

तुझा चेहरा मी पाहिला. केवळाबाईचाही. तिनं पदर तोंडात कोंबला आणि पुन्हा बाहेर आलीच नाही. तू जेवली नाहीस. आईच्या पायावर डोकं ठेवलंस, मला म्हणालीस, "अप्पा, आजारच असा हाय, कुणाचा काय दोष?" आणि चारच्या गाडीनं गेलीस. मला दोष न देता गेलीस. म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. तू शिव्या दिल्या असत्यास तर कदाचित लिहिलं नसतं.

आजारानं तिला तुझा विसर पडला नाही. मागच्या पत्रात "कशीतरी समजूत घातली" असं मी लिहिलं होतं. ती समजूत मी घातली. केवळाबाई परत आली त्या दिवशी आई तिच्याही हातचं घेईना. तोंड भिंतीकडं करून "जगी आल्यावर खाईन" एवढंच म्हणत होती. तिसरा दिवस होता. ओठ सुकून फाटले होते. मी केवळाबाईचा हात धरून पुढं आणला आणि म्हणालो, "कमलम्मा, ही बघ, आली जगी. कॉलेजातून आली. आता खा."

आईनं वळून पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तोंड उघडलं.

केवळाबाईनं बाहेर आल्यावर मला थांबवलं. म्हणाली, "सावकार, जित्या माणसाचं नाव असं दुसऱ्याला लावू न्हाई. उद्या ती लेक आली तर?"

मी म्हणालो, "ती कशाला येते?"

त्या दिवसापासून रोज, दोन वेळा, मी हेच सांगत आलो. आई मध्येच बिचकायची, "ही जगी न्हाई, जगीच्या हनुवटीवर तीळ हाय," म्हणायची. मी म्हणायचो, गेला तो तीळ, मोठेपणी जातात. तुझी एकेक खूण मी तिच्याकडून काढून घेतली. सहा आठवडे लागले. सोळा डिसेंबरला तू विचारलंस की ओळखेल ना, तेव्हा तीळही गेला होता. तुला बोलावणारं पत्र लिहिलं त्या दिवशीसुद्धा सकाळी मी तिला हेच सांगून जेवायला घातलं होतं. वाटलं होतं की खरी लेक समोर आली की रक्त रक्ताला ओळखेल. मी दुकानदार माणूस. माल बदलला की गिऱ्हाईक काही दिवसांनी तोच खरा समजतं, हे मला सगळ्यात आधी कळायला पाहिजे होतं.

केवळाबाईवर राग धरू नकोस. ती त्या दिवसापासून रडून राहिली आहे आणि गाव सोडते म्हणते. गाव तिला सोडणार नाही. तिची पोरं शाळेत आहेत, रान तिच्या नवऱ्याच्या हातात आहे, आई तिच्या हातानं जिवंत आहे. येरवंडीला माणूस पाहिजे होतं आणि चांगलं माणूस मिळालं. फक्त त्याला राहायला मी तुझी जागा दिली. गुरुबसप्पाचं घर रिकामं होतं. तुझी जागा रिकामी नव्हती, हे मला तू बांधावरून येताना कळलं.

परत ये म्हणायचं तोंड मला राहिलं नाही. तरी त्या संध्याकाळचं एवढं सांगून संपवतो. घरी आल्यावर आईनं मला जवळ बोलावलं. हल्ली ती मला जवळ बोलावत नाही.

"ती पाहुणी जेवली का हो?"

"न्हाई."

"वेळा अमावस्येला आपल्या रानातून बाई उपाशी गेली? डोळे लई भरून आलते तिचे. कुणाची लेक व्हती?"

मी म्हणालो, "माझी हाय, कमलम्मा. माझी लेक हाय ती."

तिला हसू आलं. किती दिवसांनी हसली.

"तुमची तर एकच लेक," म्हणाली. "ती काय, आत भाकरी करून राहिली."